गौरी-गणपतीचा स्वयंपाक : दोन बर्नर, नोकरी आणि वेळेवर नैवेद्य

आमच्या घरी बरीच वर्षं चतुर्थीच्या दिवशी एकच चित्र असायचं. बाहेर आरती सुरू व्हायची, टाळ-झांजा वाजायच्या आणि सासूबाई आतून ओरडून सांगायच्या, "तुम्ही म्हणा, मी ऐकतेय." पहाटे चारला उठलेल्या, सगळं सोवळ्यात करणाऱ्या त्या बाईंना स्वतःच्या घरच्या गणपतीची पहिली आरती समोर उभं राहून कधी मिळालीच नाही. त्या थकल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला, तेव्हा मी एवढंच ठरवलं की आरतीच्या वेळी गॅस बंद असला पाहिजे. पुढचं सगळं वेळापत्रक त्या एका गोष्टीवरून उलटं मोजत मांडलं आहे. माझ्याकडे दोन बर्नरची शेगडी आहे, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत ऑफिस असतं आणि जेवायला आठ माणसं असतात. बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने असंच असतं.

गडबड होते ती पदार्थ अवघड असतात म्हणून नाही. नारळ खोवायचा, गूळ चिरायचा, वेलदोडे कुटायचे, कोणत्या भांड्यात काय करायचं ते ठरवायचं, ही सगळी कामं त्याच सकाळी येऊन पडतात म्हणून होते. शिवाय नैवेद्याचं चाखून बघता येत नाही, त्यामुळे मिठाचा अंदाज मनातल्या मनात करत बसावं लागतं. म्हणून पहिलं काम वाटी आणि चमचा ठरवण्याचं. सगळं एकाच वाटीने मोजायचं आणि मिठासाठी पोहे खायचा नेहमीचा मोठा चमचा न घेता पाच मिलीचा मापाचा चमचा वापरायचा. एक वाटी तुरीच्या डाळीच्या वरणाला सपाट सव्वा चमचा, अर्धा किलो बटाट्यांच्या भाजीला एक चमचा, दोन काकड्यांच्या कोशिंबिरीला अर्धा चमचा मीठ पुरतं. तुमच्या घरची चव वेगळी असेल तर आधीच्या एखाद्या रविवारी करून बघा आणि आकडा लिहून ठेवा.

दुसरं काम पानातलं कमी करण्याचं. चतुर्थीला मोदक असताना श्रीखंड-पुरी लागत नाही आणि गौरीजेवणाला पुरण असताना मोदकांचा घाट घालायला नको. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, एक चटणी आणि मोदक एवढ्यात चतुर्थीचं पान भरतं. मसालेभात आवडतो हे खरं, पण तो मधल्या दिवसांतल्या कुठल्याही जेवणाला करता येतो. कांदा-लसूण नसल्यामुळे वाटण परतण्याचं काम आपोआप वाचतं. ती सोय आहे तर तिचा फायदा घ्यावा.

आठ दिवस आधी

नारळ आणि गूळ आत्ताच आणा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात उभं राहायला जागा नसते आणि भावही चढलेले असतात. नारळ हातात जड लागला पाहिजे आणि हलवल्यावर पाण्याचा आवाज आला पाहिजे. तो न फोडता आठवडाभर सहज टिकतो. गूळ साधा घ्या. चिक्कीचा गूळ घातला तर सारण गार झाल्यावर दगडासारखं होतं.

मोदकाची पिठी आणली की लगेच एक वाटीची उकड काढून बघा. माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे. एका वर्षी आणलेल्या पिठीची पाकिटं मी चतुर्थीच्या सकाळीच उघडली. पिठी जाडसर दळलेली होती, एकही कळी धरेना आणि पहिले सात मोदक वाफेत फुटले. पिठी आठ दिवस आधी कळली असती तर बदलून आणता आली असती. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाची, हाताला मऊ लागणारी बारीक पिठी हवी. घरी करायची असेल तर तांदूळ धुऊन सावलीत फडक्यावर पूर्ण वाळवायचे आणि गिरणीतून बारीक दळून आणायचे. गिरणीत सणाच्या आधी फक्त तांदूळ दळण्याची एक वेळ ठेवलेली असते, ती विचारून ठेवा. गव्हावर दळलेली पिठी उकडीला चालत नाही.

परदेशात असाल तर गोठवलेला खोवलेला नारळ बिनदिक्कत वापरा. तो फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून नरम करा आणि सारण दोन-चार मिनिटं जास्त परता. तिथल्या आशियाई दुकानांत मिळणारी बारीक तांदळाची पिठी उकडीला चांगली असते. दोन वाट्यांना एक मोठा चमचा चिकट तांदळाची पिठी मिसळली तर पारी फाटत नाही.

याच आठवड्यात खिरापत करून ठेवा. रोज दोन्ही वेळच्या आरतीला प्रसाद काय, हा प्रश्न एकदाच सुटतो. दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी रंगावर भाजा. दोन मोठे चमचे खसखस वेगळी भाजा. गार झाल्यावर खसखस कुटा, खोबरं हाताने चुरा, त्यात अर्धी वाटी खारकेची पूड, पाऊण वाटी बारीक कुटलेली खडीसाखर, मूठभर बेदाणे आणि वेलदोड्याची पूड घाला. कोरड्या डब्यात, कोरडा चमचा ठेवून भरली की दहा दिवस काही होत नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत ओला हात लागला की मात्र खोबऱ्याला वास येतो, म्हणून डब्यावर मुलांसाठी चिठ्ठी लावा.

आधी काय करायचं आणि काय नाही

इथे घरातल्या मोठ्यांना विचारून घ्यावं. ज्यांच्याकडे सोवळं कडक आहे त्यांना आदल्या दिवशी शिजवलेलं नैवेद्याला चालत नाही आणि त्यावर वाद घालून सणाची सुरुवात करू नये. कोरड्या तयारीला मात्र बहुतेक घरांत कोणाची हरकत नसते. डाळ-तांदूळ निवडून मोजून डब्यात ठेवणं, गूळ चिरणं, वेलदोडे-जायफळाची पूड, दाण्याचं कूट, भाज्या धुऊन पुसून ठेवणं, ताटं-वाट्या घासून मांडून ठेवणं, एवढं जरी आदल्या रात्री झालं तरी सकाळचा तास-दीड तास वाचतो. आमच्याकडे सासूबाईंनी सारण आदल्या रात्री करायला परवानगी दिली, तेही आंघोळ करून. तुमच्याकडे नसेल तर नारळ तेवढे सकाळी पहिल्यांदा खोवून घ्या.

नारळ खोवणं हे काम स्वयंपाक करणाऱ्या माणसाने करू नये. ते दुसऱ्या कोणालातरी द्या, नवऱ्याला, दिराला, कॉलेजातल्या मुलाला, कोणालाही. विळीवर बसता येत नसेल तर ओट्याला चिकटणारी हँडलची खवणी मिळते. खोवताना काळ्या पाठीपर्यंत जायचं नाही एवढंच सांगून ठेवा, नाहीतर सारणात करवंटीचे कण लागतात.

एकवीस मोदकांसाठी साडेतीन वाट्या खोवलेला नारळ आणि पावणेदोन वाट्या चिरलेला गूळ लागतो. दोन मध्यम नारळ बहुतेक वेळा पुरतात. चमचाभर तुपावर एक चमचा खसखस परतून त्यात नारळ आणि गूळ एकदमच घालायचा आणि मध्यम आचेवर हलवत राहायचं. गूळ विरघळून सारण आधी पातळ होतं, मग हळूहळू कडा सोडायला लागतं. ते ओलसर असतानाच गॅस बंद करायचा, कारण गार होताना ते आणखी घट्ट होतं. पूर्ण कोरडं होईपर्यंत परतलं तर खाताना रवाळ आणि चिवट लागतं. वेलदोडा-जायफळ शेवटी. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, बाहेर मात्र या हवेत एक दिवससुद्धा ठेवू नका.

चतुर्थीची सकाळ

पूजा दहाला आणि नैवेद्य साडेबाराला धरून सांगते. तुमची वेळ वेगळी असेल तर सगळं तेवढं पुढेमागे करा. दोन बर्नर आहेत हे लक्षात ठेवून काम लावायचं. हात चार मिळतील, बर्नर तिसरा मिळत नाही.

नऊ वाजता एका बर्नरवर तीन डब्यांचा कुकर चढवा. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली वाटीभर तुरीची डाळ हळद-हिंग घालून, मधल्यात अर्धे कापलेले बटाटे, वरच्यात दोन वाट्या तांदूळ. एरवी तांदळाला जेवढं पाणी घालता त्यापेक्षा थोडं कमी घाला, कारण डाळीसाठी चार शिट्ट्या होणार आहेत. भात जरा मऊ होतो, पण नैवेद्याची मूद तशीच चांगली पडते.

त्याच वेळी दुसऱ्या बर्नरवर उकड. दोन वाट्या पाणी, दोन चमचे तूप, पाव चमचा मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की आच अगदी मंद करा, दोन वाट्या पिठी एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा आणि गॅस बंद करा. मग दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या दहा मिनिटांत पिठीचा कणन् कण वाफेत फुगतो, पुढे मोदक फुटणार की नाही ते इथेच ठरतं.

उकड गरम असतानाच मळावी लागते. परातीत काढून आधी वाटीच्या बुडाने रगडा, मग गार पाण्यात हात बुडवत तळव्याच्या टाचेने मळा. पाच-सात मिनिटं मन लावून मळलं की ती लोण्यासारखी मऊ आणि गुळगुळीत होते. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन बोटांत दाबून बघा. कड फाटली तर कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, पण पाणी एकदम ओतू नका. फारच चिकटत असेल तर तेलाचा हात घ्या. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा, उघडी राहिली की पाच मिनिटांत वर पापुद्रा येतो.

पारी करताना मधला भाग थोडा जाड आणि कडा पातळ ठेवायच्या, कारण सारणाचं सगळं वजन मधल्या भागावर येतं. अंगठा आतून आणि दोन बोटं बाहेरून अशी कळी चिमटीत धरून वरपर्यंत ओढायची. कळ्या जवळजवळ पाडल्या की मिटताना आपोआप एका दिशेला वळतात. सारण भरून, मोदक हातावर फिरवत सगळ्या कळ्या वर गोळा करायच्या आणि टोक काढायचं. पहिल्यांदा करणाऱ्याला सात-आठच कळ्या येतात आणि त्यात काहीही बिघडत नाही. साच्याचे मोदकही देवाला चालतात. साच्याला आतून तूप लावा, उकड कडेने दाबून बसवा, सारण भरा आणि तळ बंद करा. एक जण पारी करतो, दुसरा कळ्या पाडतो असं बसलं तर चाळीस मिनिटांत एकवीस होतात. एकट्याने केले तर सव्वा तास धरा.

मोदक वळत असताना कुकर पडतो. कोणीतरी वरण घोटून फोडणीशिवाय, हिंग-मीठ-गूळ घालून उकळून ठेवावं आणि त्याच बर्नरवर बटाट्याची भाजी परतून घ्यावी. कोशिंबिरीची काकडी चोचवून दाण्याचं कूट घालून ठेवा, मीठ आणि दही पान वाढताना घाला, म्हणजे पाणी सुटत नाही.

पावणेबाराला मोदकपात्रातल्या पाण्याला उकळी आणा. चाळणीवर हळदीचं पान असेल तर उत्तम, नसेल तर केळीचं पान किंवा ओलं फडकं. प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून लगेच चाळणीवर ठेवा, म्हणजे वाफेत तडा जात नाही. मध्ये बोटभर अंतर हवं. मोदकपात्र नसेल तर शिट्टी काढलेला कुकर किंवा इडलीपात्र चालतं. दहा ते बारा मिनिटांत मोदकावर तकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही, तेव्हा ते झाले. अकरा आणि दहाच्या दोन घाण्या बारा-सव्वाबारापर्यंत निघतात आणि गॅस बंद होतो. मग सगळ्यांनी आरतीला जा. पापड-कुरडया आरतीनंतर, पानं मांडून होईपर्यंत तळता येतात.

उरलेल्या उकडीत ठेचलेली हिरवी मिरची, जिरं आणि मीठ घालून छोट्या चपट्या निवगऱ्या करा आणि त्याच पात्रात शेवटी उकडा. कच्च्या तेलाबरोबर किंवा दह्याबरोबर खायच्या. गोड न खाणाऱ्यांची सोय होते आणि आमच्याकडे तर त्यावरच जास्त उड्या पडतात.

हे सगळं झेपणारं नसेल, घरात तान्हं मूल असेल किंवा कोणी आजारी असेल, तर पाच मोदक नैवेद्यापुरते घरी करा आणि बाकीचे गृहउद्योगवाल्या एखाद्या मावशींना आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा. त्यात कमीपणा अजिबात नाही. आणलेले गार मोदक पाण्याचा हात लावून पाच मिनिटं वाफवले की पुन्हा मऊ होतात.

पंचमीला एकच पातेलं

ऋषिपंचमीची भाजी म्हणजे थकलेल्या घरासाठी सोय आहे असं मला नेहमी वाटतं. फोडणी नाही, मसाला नाही, तळण नाही. मंडईत या भाजीचे तयार वाटेही मिळतात. सहा माणसांना अळूची सहा-सात पानं देठांसह, अर्धी जुडी लाल माठ, पाव किलो लाल भोपळा, दोन कणसांचे तुकडे, दीडशे ग्रॅम सुरण, एक शिराळं, आठ-दहा भेंड्या आणि भिजवलेले अर्धी वाटी शेंगदाणे. अळू आणि सुरण खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चिरताना हाताला तेल लावा. शेंगदाणे, कणसं आणि सुरण दोन चमचे चिंचेचा कोळ घालून कुकरला दोन शिट्ट्यांवर शिजवा. मग पातेल्यात बाकीच्या भाज्या, हिरव्या मिरच्या, मीठ आणि पाणी घालून पंधरा मिनिटं झाकून शिजवा, शेवटी दोन्ही एकत्र करून ओलं खोबरं घाला. अळू पूर्ण गळेपर्यंत शिजलं पाहिजे, अर्धवट राहिलं तर घशाला खवखवतं.

गौरी आणि पुरण

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, त्यामुळे मध्ये किती दिवस मिळतात ते दरवर्षी कॅलेंडरात आधी पाहून रजा टाका. एकच रजा मिळणार असेल तर ती गौरीजेवणाच्या दिवसाची घ्या. आवाहनाला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, तो ऑफिसातून येऊनही होतो.

पुरणाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून, भरपूर पाण्यात चार-पाच शिट्ट्यांवर शिजवा. चाळणीत ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. हाच कट, तो आमटीला ठेवा. डाळीत दोन वाट्या चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या कढईत आटवा. उलथनं मध्ये उभं केलं आणि पडलं नाही की पुरण झालं. लगेच, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण यंत्रातून काढताना मनगटं भरून येतात, गरम असलं की दहा मिनिटांत काम होतं. ज्या घरी चालतं तिथे पुरण दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवा, पोळ्यांच्या तासभर आधी बाहेर काढा. महिनाभर फ्रीझरमध्येही छान राहतं. कट मात्र लवकर आंबतो, तो थंड झाला की लगेच फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका.

कणीक सैल मळून, तेलाचा हात लावून निदान तासभर मुरू द्या. पोळी फाटते ती बहुधा कणीक आणि पुरण यांचा सैलपणा जुळत नाही म्हणून. दोन्ही बोटाने दाबून बघा, सारखीच दबली पाहिजेत. दोन वाट्या डाळीच्या पंचवीसेक पोळ्या होतात. पोळी जमतच नसेल तर पुरणाचे दिंड करा. पुरी लाटून मध्ये पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखं घडी घालायचं आणि दहा-बारा मिनिटं वाफवायचं. वर तूप सोडलं की चव तीच.

सोळा भाज्यांचं दडपण घेऊ नका. पुष्कळ घरांत त्या एकत्रच करतात, एकेक मूठ घेऊन. आदल्या रात्री सगळ्या चिरून डब्यांत ठेवा, वांगं आणि भेंडी तेवढी सकाळी चिरा, एक काळी पडते आणि दुसरी चिकट होते. कटाच्या आमटीला फोडणीत दोन लवंगा, तमालपत्र, जिरं, मग गोडा मसाला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, चिंच आणि गूळ. ती सकाळी सगळ्यात आधी करून बाजूला ठेवा, मुरली की जास्त चांगली लागते आणि बर्नर पोळ्यांना मोकळा मिळतो.

विसर्जनाच्या दिवशी दहीभात करा आणि उरलेलं पुरण गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. झोपण्याआधी पाच मिनिटं काढून एका कागदावर लिहा, किती नारळ लागले, किती मोदक उरले, पिठी कोणत्या गिरणीची होती, मीठ कशात जास्त झालं. आमचा कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. गेल्या वर्षीची त्यावरची शेवटची ओळ सासूबाईंच्या अक्षरात आहे : जायफळ कमी, नारळ तीन आणणे.